बरोबर म्हणून, की वाचलं म्हणून?

मार्चमधली दुपार होती. डिपार्टमेंटमध्ये मी एकटाच, पंखा फिरतोय पण वारा लागत नाहीये, डबा उघडलेला आणि भेंडी गार. तेवढ्यात दारातून 'सर, येऊ का' असा आवाज आला. टीवायची, म्हणजे बीएच्या शेवटच्या वर्षाची पोरगी, तासगावकडची, तिसऱ्या बाकावर बसते, वर्गात फारशी बोलत नाही पण मान हलवते. शिकवणाऱ्याला अशा दोन-तीन माना लागतातच, नाहीतर तास संपता संपत नाही. हातात झेरॉक्सचा गठ्ठा. मागच्या सेमिस्टरला एका पेपरात तिला चाळीसपैकी एकवीस पडले होते, तिचा अंदाज तीसच्या पुढचा होता, म्हणून फी भरून तिनं उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली होती आणि आता रिव्हॅल्युएशनला टाकू का नको हे विचारायला आली होती. पुन्हा फी भरायची म्हणजे घरी विचारावं लागणार, आणि घरी विचारायच्या आधी सरांना विचारावं असा तिचा साधा हिशोब.

मी हात पुसून पानं घेतली. पहिली दोन उत्तरं म्हणजे आम्हीच दिलेल्या नोट्स, जवळजवळ शब्दाला शब्द. तिसऱ्या प्रश्नात मात्र शेतमालाच्या किमतीबद्दल लिहिता लिहिता तिनं मध्येच बेदाण्याचं काढलं होतं. सौद्यात, म्हणजे लिलावात, बॉक्स फोडून मूठ मूठ बेदाणा उधळतात, तो नंतर वजनात कोण धरतं, असं एक वाक्य होतं. परीक्षेच्या पेपरात असं वाक्य सहसा भेटत नाही, मी थांबून परत वाचलं. त्या वाक्यावर काही नव्हतं, ना रेघ, ना प्रश्नचिन्ह. पानाच्या शेवटी उजव्या कोपऱ्यात एक टिक, आणि गोलात ५. मागचं पान बघितलं, तिथंही कोपऱ्यात तशीच टिक. पुढच्या पानावर, त्याच्या पुढच्या पानावर, त्याच जागी, तेवढीच तिरकी, शेपूट तेवढंच लांब. मी मार्कांची बेरीज करून बघितली, बेरीज बरोबर होती, आता काय सांगावं ह्या विचारात होतो तोवर तिनं विचारलं,

'सर, ही टिक बरोबर म्हणून असते, की वाचलं म्हणून?'

मी म्हटलं, 'बरोबर म्हणून.'

ती 'हां' म्हणाली. मग मी रिव्हॅल्युएशनचं काहीतरी गुळमुळीत बोललो, एखाद-दुसरा मार्क वाढेल, न वाढण्याची पण शक्यता आहे, बघ तू, घरच्यांना विचार. ती थँक्यू सर म्हणून गेली. भेंडी तशीच राहिली. मी खोटं बोललो होतो आणि इतक्या झटकन बोललो होतो की मलाच नवल वाटलं. तो पेपर मी तपासलेला नव्हता, कुणी तपासला ते मला माहीत नाही आणि कळायचा प्रश्नही नाही, तरी मी त्या अनोळखी माणसाला सांभाळून घेतलं. का, तर ती टिक मला ओळखीची वाटली. माझीच असती तरी तशीच असती.

कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या पेपर तपासणीच्या केंद्रावर, जाऊन आलेल्या कुणालाही हे समजवावं लागणार नाही. सकाळी सही करायची, गठ्ठा घ्यायचा, दोरा सोडायचा, लाल पेन झटकून बघायचा. पहिले चार-पाच पेपर माणूस अगदी मन लावून वाचतो, मॉडेल आन्सर शेजारी ठेवून, अर्धा मार्क द्यावा का म्हणून बाजूच्या मॅडमना पण विचारतो. दहाव्या पेपरापासून डोळे पुढं पळायला लागतात. ते वाचत नाहीत, हुडकतात. 'इतर परिस्थिती कायम असताना' दिसलं, 'लवचीकता' दिसलं, आकृती काढलीय, अक्षांना नावं दिलीत, बास. पंचविसाव्या पेपरापर्यंत तर अक्षर आणि भरलेली पानं बघूनच आकडा डोक्यात येतो आणि मग तो आकडा प्रश्नांमध्ये वाटून टाकायचं तेवढं काम उरतं. हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण आता लिहायलाच बसलोय तर खोटं कशाला लिहू. मध्ये चहा येतो, वडापाव येतो, कुणाच्यातरी मुलीच्या लग्नाची पत्रिका फिरते, कोऱ्या पानावर तिरकी रेघ मारायची विसरली म्हणून मॉडरेटर हिरवा पेन घेऊन दोन शब्द सुनावून जातात, आणि ह्या सगळ्या गलक्यात टिक, टिक, टिक. ती टिक बरोबरची नसते आणि वाचल्याचीही नसते. पान उलटायच्या आधी हाताला काहीतरी करायचं असतं, ते.

भरभर तपासायला मी शिकलो ते सीएचबीवर असताना. सहा वर्षं तासिका तत्त्वावर काढली, दोन कॉलेजं, मध्ये एसटी, तासाला पैसे आणि तेही कधी येतील तेव्हा. सीएचबीवाल्याला मे महिना नसतो, म्हणजे कॅलेंडरवर असतो पण पगारात नसतो, त्यामुळं पेपर तपासायचे जे काय मिळायचे तोच माझा मे. चार पेपर जास्त तपासले की चार पेपरचे जास्त. तेव्हा कुणी मला विचारलं असतं की बाबा तू वाचतोस का नुसता टिका मारतोस, तर मी त्याला माझ्या खोलीचं भाडं सांगितलं असतं. आज परमनंट आहे, सातवा वेतन आयोग आहे, तरी हात तोच राहिलाय. ही गोष्ट मला जास्त खुपते. गरज गेली तरी वेग गेला नाही.

आता स्क्रीनवर तपासायला लागतं तिथं तर हाताचाही संबंध उरला नाही. माऊसनं टिकचा शिक्का उचलायचा आणि पानावर सोडायचा. सगळ्यांची टिक सारखी. एका अर्थी प्रामाणिकच म्हणायचं ते.

तसं बघितलं तर हे आजचं नाहीच. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही तीन विद्यापीठं १८५७ ला निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, आणि तेव्हाचं लंडन विद्यापीठ स्वतः शिकवत नव्हतं, परीक्षा घ्यायचं आणि डिग्री द्यायचं. शिकवायचं कॉलेजनं, तपासायचं विद्यापीठानं. म्हणजे ज्यानं शिकवलं त्यानं वाचायचं नाही आणि जो वाचणार त्यानं पोराचं तोंडही बघायचं नाही, ही वाटणी पहिल्या दिवसापासूनची आहे. आपल्या सांगलीच्या विश्रामबागेतलं विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, ते आधी मुंबईला जोडलेलं, मग पुण्याला, आणि १९६२ ला कोल्हापूरला विद्यापीठ झालं तेव्हा कुठं ते अंतर पन्नास किलोमीटरच्या आत आलं. पण अंतर कमी झालं ते रस्त्याचं. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानं लिहून ठेवलंय की उच्च शिक्षणात एकच सुधारणा सुचवा म्हटलं तर आम्ही परीक्षेची सुचवू. पंचाहत्तर वर्षं झाली त्याला. मी हे दर वर्षी एका पेपरात शिकवतो, पोरं ते लिहितात, आणि कुणीतरी त्याच्यावर टिक मारतं. अनोळखी माणसानं तपासण्यात फायदा आहे हे पण खरं, नाहीतर आमच्यातल्या काही लोकांनी गावकी-भावकी बघून मार्क वाटले असते. इंटर्नलचे दहा मार्क आमच्या हातात असतात तिथं काय होतं ते बघतोच आपण, सगळ्यांना आठ, वर्गात न दिसलेल्याला सात.

त्या पोरीच्या प्रश्नानं डोक्यात जी कळ लागली ती मात्र आयोगाबियोगापाशी थांबेना. ती मला थेट माझ्या टीवायला घेऊन गेली. साल १९९५, ह्याच गावात. अर्थशास्त्राला आम्हाला एक सर होते. सायकलवर यायचे, पँटच्या पायाला क्लिप लावलेली, खिशात पेनाशेजारी पेन्सिलीचं बोटभर थोटूक. आमचे ट्युटोरिअलचे फुलस्केप कागद ते त्या थोटकानं तपासायचे, पेन नाही. एकदा कुणीतरी विचारलं तर म्हणाले, पेन्सिलीनं लिहिलेलं तुम्हाला खोडता येतं, पटलं नाही तर खोडा की. आम्हाला तेव्हा त्यात कंजूषपणा दिसायचा.

शेतमालाच्या किमतीतली चढउतार, असा काहीतरी विषय होता. मी पहिलं अर्ध पान आमच्या आजोबांवर लिहिलं. आजोबांची हळद हरिपूरच्या पेवात असायची. पेव म्हणजे जमिनीतली ती खोल कोठारं, आत कडबा-पाचट लावून हळकुंडं भरायची आणि तोंड माती-शेणानं लिंपून टाकायचं, वर्षानुवर्षं हळदीला कीड नाही. पेव फोडायचं म्हणजे लगेच उतरायचं नाही, आतली हवा वाईट, आधी काही वेळ उघडं ठेवायचं, हे मी लहानपणी बघितलेलं. आजोबा भाव नाही म्हणून दोन-दोन वर्षं पेव फोडायचे नाहीत आणि आजी त्यावरून रोज बोलायची, की हळद जमिनीत आणि आम्ही उधारीत. हे सगळं मी लिहिलं होतं. मग मला वाटलं की हे काय उत्तर झालं का, आणि मी गाईड उघडलं. 'तथापि, कृषी मालाच्या पुरवठ्याची लवचीकता अल्पकाळात अत्यल्प असल्याकारणाने' तिथून पुढं दोन पानं. अक्षर पण सुधारलं होतं माझं त्या दोन पानांत, उतरवताना सुधारतंच.

सरांनी 'तथापि'च्या आधी पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारली होती आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'इथपर्यंत तुमचं. पुढचं कुणाचं?'

दहापैकी सहा.

ही गोष्ट मी आजवर चार-पाच भाषणांत सांगितलीय. सेंडऑफला, शिक्षकदिनाला. तिथं ती अशी सांगतो की त्या एका ओळीनं माझं आयुष्य बदललं, आणि पोरं टाळ्या वाजवतात. खरं सांगायचं तर मला त्या ओळीचा भयंकर राग आला होता. बाकीच्या सगळ्यांनी गाईडमधूनच उतरवलं होतं, अख्खंच्या अख्खं, त्यांना सात-सात पडले होते कारण त्यांच्या कागदावर कुठं रेघ मारायला जागाच नव्हती. मी अर्धं आपलं लिहिलं म्हणून पकडला गेलो. आठवडाभर मी सरांच्या तासाला बसलो नाही, कँटीनमध्ये बसून होतो. त्या प्रश्नाला उत्तरही दिलं नाही कधी. सर पुढं रिटायर झाले, मी नोकरीला लागलो तेव्हा भेटायला जायचं ठरवलं होतं, राहिलं, मग त्यांच्या दशक्रियेलाच गेलो. आणि तरी तीस वर्षांत माझ्या कागदावर कुणी काही लिहिलेलं मला आठवतं का असं कुणी विचारलं तर तेवढी एकच ओळ आठवते. बीएला, एमएला, एवढ्या परीक्षा दिल्या, शेकडो पानं लिहिली असतील, त्यातलं कुणीतरी वाचलं होतं ह्याचा माझ्याकडं पुरावा तेवढाच.

तो कागद पण आता नाही. गावभागातल्या आमच्या जुन्या घरी एका पत्र्याच्या ट्रंकेत होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती झाली एवढंच सगळी सांगली दर तासाला विचारत होती. चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथं शेंबड्या पोराला पाठ असतं, त्या वर्षी ते सत्तावन्नवर गेलं. माळ्यावर काय काय चढवलं आम्ही, मिक्सर, गॅसची टाकी, आईचं लग्नातलं तांब्याचं घंगाळ. ट्रंक खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर उघडली तर आत कागदांची एक वीट झालेली, चिखलाच्या वासाची. सोडवायला गेलं की लगदा हातात यायचा. शाई सगळी धुऊन निळसर डाग उरलेले. पेन्सिल पाण्यानं जात नाही म्हणतात, तर मी वेड्यासारखा तो लगदा उन्हात धरून बघत होतो कुठं काही दिसतंय का. कागदच उरला नव्हता तर पेन्सिल कशावर दिसणार. बायको म्हणाली, अहो ते सोडा, आधी गाद्या बाहेर काढा.

तर ह्या सगळ्यानंतर मी एक ठरवलं. ह्या सेमिस्टरला होम असाइनमेंट तपासताना टिक मारायची नाही. प्रत्येक कागदावर एक काहीतरी लिहायचं, शक्यतो प्रश्न. चौसष्ट पोरं. पहिल्या रविवारी सोळा झाले आणि पाठ धरली. वेळ लिहायला लागत नाही, वाचायला लागतो. 'छान', 'उत्तम', 'आकृती हवी' हे सेकंदात लिहून होतं, पण ज्यानं लिहिलंय त्याला विचारण्यासारखं काही हुडकायचं म्हणजे तो काय म्हणतोय ते आधी कळावं लागतं, आणि निम्म्या कागदांत कुणी काही म्हणतच नसतं. अशा कागदांवर काय लिहायचं हे मला अजूनही जमलेलं नाही.

सोमवारी मी गठ्ठा घेऊन वर्गात निघालो, वाटायला, तर आमच्या डिपार्टमेंटच्या मॅडमनी अडवलं. 'सर, असाइनमेंट परत देऊ नका बरं का, रेकॉर्डला लागतात.' नॅकवाले, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणारे, आले, ऑडिट आलं, की इंटर्नलचा पुरावा म्हणून दाखवावे लागतात हे मला माहीत नव्हतं असं नाही, मीच दोन वर्षांपूर्वी सर्क्युलर काढलं होतं तसं. पण तोपर्यंत कधी लक्षातच आलं नव्हतं की आपण पोरांना लिहायला लावतो, ते लिहितात, आपण तपासतो आणि मग तो कागद कपाटात जातो. आकडा तेवढा पोराकडं पोचतो. कागद कधीच जात नाही. इतकी वर्षं आम्ही जे काही शेरे मारले असतील ते गोदरेजच्या कपाटाला उद्देशून. आता एनईपी, म्हणजे नवं शिक्षण धोरण, आल्यापासून तर कपाट पण पुरत नाही. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, ओजेटी असे विषयांचे प्रकार, प्रत्येकाचे क्रेडिट, क्रेडिटला पंधरा तास, आणि प्रत्येकाला इंटर्नल. प्रश्नपत्रिकेत प्रत्येक प्रश्नापुढं तो ब्लूमच्या कितव्या पायरीवरचा आहे ते लिहायचं, स्मरण, आकलन, उपयोजन असं. ब्लूम साहेबानं १९५६ ला सहा पायऱ्या सांगितल्या त्या शिकवायच्या आधी विचार करायला, आमच्याकडं त्या पेपर काढून झाल्यावर एक्सेलमध्ये भरायला. शेवटी अटेनमेंटची, म्हणजे पोरांनी किती साध्य केलं त्याची, टक्केवारी निघते आणि ती दर वर्षी थोडी वाढलेली असते. मी ही शीट फार नीट भरतो, मला त्याबद्दल शाबासकी मिळालीय.

मग मी मधला मार्ग काढला. कागद द्यायचे नाहीत, पण डिपार्टमेंटमध्ये येऊन वाचायचे, ऑफ पिरियडला. वर्गात सांगितलं, ग्रुपवर टाकलं. चौसष्टातले अकरा आले. पहिला आला तो शेरा बघून म्हणाला, 'सर, किती कट केले?' मी म्हटलं, कट नाही रे, प्रश्न विचारलाय. तो म्हणाला, 'हां, पण त्याचे किती कट केले?' एक जण वाचून गेला आणि नंतर बघतो तर माझ्या शेऱ्यावर व्हाइटनर. पुरावा नको म्हणून असेल. दोघींनी मोबाईलवर फोटो काढला. एकीनं तो स्टेटसला ठेवला असं मॅडमनी सांगितलं, खाली हसणारी इमोजी होती म्हणे, हसणारी म्हणजे कसली हसणारी ते मी विचारलं नाही.

आणि एक पोरगा. त्याची असाइनमेंट सगळ्यांत देखणी होती. प्रत्येक पानाला स्केचपेननं दुहेरी बॉर्डर, कोपऱ्यात द्राक्षांचे घड, हिरवी पानं, वेलीला बारीक वळसे. मथळा कॅलिग्राफीत. आणि पहिल्या ओळीत, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'नक्कीच! तुमच्या असाइनमेंटसाठी सविस्तर उत्तर खालीलप्रमाणे आहे.' एआयनं जे दिलं ते पठ्ठ्यानं सुरवातीपासून उतरवलं होतं, एक अक्षर न गाळता. शेवटी 'आणखी काही माहिती हवी असल्यास जरूर सांगा' हे सुद्धा. मी हसलो, मग राग आला, मग गाईडमधून उतरवलेलं माझं 'तथापि' आठवलं आणि राग कुणावर काढायचा ते कळेना. खाली लिहिलं, पेन्सिलीनं, 'ह्यातलं तुमचं काय?'

तो येईल असं वाटलं नव्हतं, पण आला. डोळे लाल. कुपवाडला एमआयडीसीत नाईट करतो, सुटला की तसाच पहिल्या तासाला येतो आणि मागच्या बाकावर झोपतो, मी दोनदा उठवलंय त्याला, एकदा बरंच बोललो पण होतो. त्यानं शेरा वाचला. बराच वेळ कागदाकडं बघत उभा राहिला.

'सर, बॉर्डर माझी आहे.'

इतकं सरळ बोलला तो, त्यात चेष्टा नव्हती की माफी नव्हती. मी परत ती बॉर्डर बघितली. द्राक्षाच्या प्रत्येक मण्याला एका बाजूनं उजेड दाखवलेला होता, कोरी जागा सोडून. एवढ्या बारक्या कामाला दोन-तीन तास तरी लागले असणार, नाईटच्या आधी की नंतर देव जाणे. ज्या कामाचे मार्क नाहीत तेवढं काम त्यानं स्वतः केलं होतं. ब्लूमच्या शीटमध्ये हे कुठं भरायचं? मी त्याला आठ दिले. चूक केली असेल, मॅडम म्हणाल्या चूकच केली, उद्या सगळे बॉर्डर काढून आणतील. मला तर अजूनही वाटतं की त्याला उभं करून एआयमधला एकेक मुद्दा तोंडी विचारायला पाहिजे होता, आणि त्याच वेळी असंही वाटतं की त्या लाल डोळ्यांना मी काय विचारणार होतो.

तासगावची पोरगी सगळ्यांत शेवटी आली, महिन्याचा शेवटचा आठवडा होता. रिव्हॅल्युएशनला टाकलंस का विचारलं तर मान हलवली, नाही. तिनं असाइनमेंट बेदाण्यावरच लिहिली होती, परीक्षेतलं तिचं ते अर्धवट राहिलेलं बहुतेक डोक्यात असावं. द्राक्षं पोटॅशच्या पाण्यात बुडवून रॅकवर टाकायची, शेडमध्ये वाळायची, मग मळणी, प्रतवारी, बॉक्स, कोल्ड स्टोरेज, हे सगळं तिनं क्रमानं लिहिलं होतं आणि शेवटी एक वाक्य, 'भाव आला की वडील माल सौद्याला काढतात.' मी त्याच्या शेजारी लिहिलं होतं, 'भाव आला की, की सोसायटीच्या कर्जाचा हप्ता आला की? तारीख नक्की कोण ठरवतं?'

तिनं ते वाचलं. एकदा माझ्याकडं बघितलं, परत कागदाकडं. मग टेबलावरची माझी पेन्सिल उचलून म्हणाली, 'इथंच लिहू का सर?' मी म्हटलं लिही की. ती उभ्या उभ्याच लिहायला लागली, मग मी खुर्ची दिली. मी आपला मोबाईलमध्ये बघतोय असं दाखवत होतो पण तिरक्या नजरेनं पहिली ओळ दिसली. 'खरं तर मामा ठरवतात.' पुढं ती लिहीतच गेली. मार्चएंडच्या आधी सोसायटीत भरायचे, भरले की परत उचलायचे, मधल्या पंधरा दिवसांत पैसे मामा देतात, म्हणून मामांचा शब्द, आणि मामा ज्या अडत्याकडं जातात त्याच्याकडंच आमचा माल जातो, असं काहीतरी असावं, समास भरला, मग खालची मोकळी जागा भरली, ती कागद फिरवून उभ्या कडेला लिहायला लागली. बाहेर बेल झाली. माझा तास होता.

'सर, जागा संपली,' ती म्हणाली, आणि मग अगदी परीक्षेच्या हॉलमध्ये म्हणतात तसं, 'पुरवणी आहे का?'

ड्रॉवरमध्ये पुरवणी कुठली असायला. मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका होत्या उरलेल्या, एका बाजूनं कोऱ्या, त्यातल्या दोन दिल्या. देता देता मला राहवलं नाही. म्हटलं, 'त्या दिवशी तू टिकचं विचारलंस ना, मी खोटं सांगितलं तुला.'

'माहितीय सर,' ती मान वर न करता म्हणाली. 'शेवटच्या कोऱ्या पानावर पण होती.'

आणि ती प्रश्नपत्रिका पालथी घालून पुढं लिहायला लागली. मी खडू-डस्टर घेऊन दारापर्यंत गेलो, वर्गातून गलका ऐकू यायला लागला होता, परत वळून बघितलं तर पेन्सिल बोथट झाली होती म्हणून ती शार्पनर हुडकत होती.